राव सारांचा डबा

"राव सारना हाक मारू नको, दगड मार," सेल्वी अक्का ड्रायव्हरला सांगत होती. "हाक त्या डब्यातच अडकते."

माझा नोकरीचा पहिला दिवस होता. मी दारात बॅग छातीशी धरून उभी होते आणि कुणाला काय विचारायचं ते मनात इंग्लिशमध्ये जुळवत होते. खिडकीपाशी एक उंच, हडकुळे गृहस्थ बसले होते. कपाळावर काळी उभी रेघ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, दोन्ही कानांत इअरफोन. वायर शर्टाच्या खिशात गेलेली. उजवा हात मांडीवर ताल धरत होता. ड्रायव्हरनं मालाचं चलन त्यांच्या नाकासमोर नेलं. त्यांनी ते वाचलं, सही केली, शिक्का मारला आणि परत दिलं. ताल काही चुकला नाही, कारण शिक्काही त्यांनी समेवरच मारला.

चेन्नईत, गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. गाड्यांना लागणारी रबरी गॅस्केट आम्ही बनवतो. मागच्या बाजूला प्रेस धडधडत असतात, पुढच्या खोलीत ऑफिस. मी बिलं करते, सेल्वी अक्का हिशेब आणि रिसेप्शन दोन्ही बघते, आणि माल बाहेर पाठवण्याचं सगळं काम बघतात त्र्यंबक राव, म्हणजे राव सार; 'सर'चं इथे 'सार' होतं. आताच्या मालकांच्या वडिलांनी कारखाना काढला तेव्हापासून ते त्याच खुर्चीत आहेत.

माझ्या कागदांवरचं आडनाव वाचून त्यांनी एका कानातला इअरफोन काढला. "मराठी की?"

मी हो म्हटलं.

"कोठे आहे आवाज? उजेडात ये. इकडे तोंड कर. हां. आता सांग, मराठी की?"

आमच्या ऑफिसात मराठी येणारी आम्ही दोघंच. माझं मराठी चेन्नईबाहेरच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समधलं, आईबाबांशी बोलण्यापुरतं. शाळा इंग्लिश मीडियमची आणि मैत्रिणी तमिळ. त्यांचं मराठी तंजावूरचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. चांगल्या गोष्टीला ते 'चोक्कट' म्हणायचे. मराठीत बोलताना मी त्यांना मामा म्हणायचे. माझं बोलणं त्यांना बातम्या वाचल्यासारखं वाटायचं आणि त्यांचं बोलणं मला कुणीतरी जुन्या पेटीतून लुगडं काढून घडी मोडल्यासारखं.

जगातल्या प्रत्येक वस्तूचे गुण आणि अवगुण सांगणं हा त्यांचा छंद होता. इडलीचे, पार्सल कंपनीचे, नव्या मालकांचे. माझेही त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले. "गुण असा, की काम चोक्कट. अवगुण असा, की बोलतेस ते आपल्या गळ्यालाच सांगतेस."

पण सगळ्यांत जास्त गुणावगुण त्या डब्याचे. डबा म्हणजे आगपेटीहून थोडा मोठा म्युझिक प्लेअर. रिची स्ट्रीटवर स्वस्तात घेतलेला, कंपनीचं नाव हाताळून हाताळून पुसून गेलेला. कुरियरवाला, पाण्याचे कॅन आणणारा, वजनकाटा तपासायला आलेला इन्स्पेक्टर, कुणीही त्यातून सुटायचं नाही.

"पाहा की. पहिला गुण, बटणं आहेत. डोळे मिटून दाबावीत. दुसरा, ह्यात कोणाचा फोन येत नाही. तिसरा, पडला तर फरशीला लागतं, ह्याला नाही."

"आणि अवगुण, सार?" कुरियरवाला घड्याळ बघत विचारायचा.

"स्क्रीन नखाएवढी. 'कल्या' इतकंच दिसतं. आता कल्याणी की कल्याणवसंत, ते वाजल्यावर कळायचं. आणि हा गाणी लावतो एबीसीडीनं. गाण्याच्या कच्चेरीत वर्णम सुरुवातीला गातात, मंगलम शेवटी. ह्याच्याकडे एम आधी, व्ही नंतर. म्हणून हा मंगलम गाऊन मग वर्णमला बसतो. वऱ्हाड जेवून घरी गेलं आणि मागाहून मुहूर्त लागला, असं."

मग आवाज खाली आणून ते खरा गुण सांगायचे. "मोबाइलचा आवाज वाढव, तो विचारतो, कानाला धोका आहे, वाढवू की नको म्हणून. डॉक्टर की तो? हा डबा विचारत नाही. सांगितलं तेवढं ओरडतो."

ओरडायचा खरंच. सुरुवातीच्या महिन्यांत त्यांच्या कानातलं गाणं माझ्या टेबलापर्यंत यायचं. सेल्वी अक्का त्यावर गुणगुणत जीएसटी भरायची. मधल्या काळात ते येईनासं झालं. नवे इअरफोन घेतले असतील, असं मी धरून चालले.

त्यांच्या तऱ्हा सगळ्यांना पाठ होत्या. काही विचारायचं असेल तर समोर जाऊन उभं राहायचं. पाठीमागून आलेल्या माणसाला उत्तर नाही. फोन वाजला की ते माझ्याकडे बोट करायचे. "इंग्लिश मीडियम की तू? घे." फोनची मला भीती वाटते. पलीकडचा माणूस दिसत नाही आणि आपण बोललेलं परत घेता येत नाही. पण घ्यायला लागले. अक्काच्या मते राव सार आळशी होते. मला वाटायचं, ते माझी भीड मोडताहेत, आणि त्यासाठी मी त्यांच्यावर मनातल्या मनात रागवायचे आणि मनातल्या मनातच आभार मानायचे.

डब्याचा एक अवगुण मात्र ते कुणाला सांगत नसत: त्याची चार्जिंगची पिन जुन्या पद्धतीची होती आणि त्यांची केबल तुटली होती. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याची केबल त्याला बसते, हे एकदा माझ्या लक्षात आलं. मग कधीमधी डबा माझ्या टेबलावर चार्जिंगला येऊ लागला.

अशाच एका दुपारी, सगळे जेवून बाहेर चहाला गेलेले असताना, मी बिलाचा नंबर विचारायला मान वर केली. राव सार खिडकीपाशी डोळे मिटून बसले होते. कानांत इअरफोन, वायर खिशात. एक टाळी, तीन बोटं, टाळी, पालथा हात. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू पहिल्या रांगेत जागा मिळाली आहे.

डबा माझ्या टेबलावर होता. त्याचा लाल दिवा लागलेला होता.

मी डब्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा डब्याकडे. हसू यायला हवं होतं. पण आवडीहून येताना मीही रोज कानांत इअरफोन घालते, आणि बहुतेक दिवस त्यात काहीच वाजत नसतं. ते असले की शेजारची बाई 'कुठे काम करतेस, लग्न झालं का' विचारत नाही. त्यामुळे रिकामी वायर मला लगेच ओळखू आली. मी ती लोकांचं ऐकायला लागू नये म्हणून घालते. राव सार कशाला घालत असतील, हे कळायला थोडा वेळ लागला. मग तो उजेड, 'इकडे तोंड कर', फोन, सगळं एकदम कळलं, आणि आपण माणसाकडे इतके दिवस नुसतं बघतच होतो असं वाटलं.

मी डबा नेऊन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी डोळे उघडले. हात खिशाकडे गेला. वायर बाहेर काढून ते तिच्या मोकळ्या टोकाकडे बघत राहिले.

"पहिल्यांदा वीणेच्या वरच्या तारा गेल्या," ते म्हणाले. "मग बासरी. मग तुझ्यासारख्या पोरींचे आवाज. मृदंग थोडा आहे अजून."

मी त्यांच्यासमोर उजेडात गेले. "मग आत्ता काय वाजत होतं?"

"मज पाठ आहे की सगळं." ते जरासे हसले. "गुण असा, की इथं वर्णम आधी येतं."

कानाचं मशीन का घेत नाही, असं मी विचारलं. एकदा नाही कळलं, दोनदा विचारलं.

"आहे की. घरी कपाटात आहे. लावलं की पंखा, प्रेस, अख्खं गिंडी कानात शिरतं. गुण असा, की थोडं ऐकू येतं. अवगुण असा, की ऐकू येत नाही हे सगळ्यांना दिसतं. सेल्वी म्हणते, म्हातारा उद्धट आहे, कोणाचं ऐकत नाही. म्हणू दे. रागावलेलं चालतं. पावम नक्को."

पावम म्हणजे तमिळमध्ये 'बिचारा'. इथे तो शब्द लोक फार मायेनं म्हणतात, आणि एकदा म्हणाले की मग त्या माणसाला काही विचारायचं बंद करतात.

"घरी सगळे जेवताना एकदम बोलतात," ते म्हणाले. "मुलगा, सून, नाती. हसतात. मी भात कालवतो. इथं तसं नाही. इथं कागद समोर येतो. कागद पुटपुटत नाही. मला इथं येऊ दे, अम्मा. कोणाला सांगू नक्को."

मी मान हलवली. तेवढ्यासाठी आवाज लागत नव्हता.

पुढे ज्या मोठ्या कंपनीला आमचा माल जातो, तिची माणसं कारखाना तपासायला येणार म्हणून मालकांनी भिंतीवर नवे नियम लावले. हेल्मेट, बूट, आणि आवारात कुणीही कानात काही घालायचं नाही. राव सारांनी नियम वाचला, डबा ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला. कुरकुर केली नाही, गुणावगुणही सांगितले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांचे डोळे फिरायला लागले. कुणी बोलतंय का, कोण बोलतंय, संपलं का. समोरचा हसला की ते हसायचे. समोरच्यानं भुवया वर केल्या, म्हणजे प्रश्न असणार, की ते "सरी, सरी" म्हणायचे. सरी म्हणजे ठीक, बरं, चालेल. या एका शब्दावर चेन्नईत बराचसा दिवस निभावता येतो. मी समोर असले तर त्यांच्याकडे तोंड करून ओठ नीट हलवत प्रश्न मराठीत पुन्हा सांगायचे. लोकांना ती आमची आपसातली बडबड वाटायची.

"डबा सुटला आणि राव सार माणसांत आले," सेल्वी अक्का म्हणाली. "बघ, किती गोड बोलतात आता."

तपासणी पार पडली. दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मालक माझ्याहून फार मोठे नाहीत, स्वभावानं भिडस्त. आधी त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. मग माल पाठवण्याचं काम आता कॉम्प्युटरवर जाणार, असं सांगितलं. मग टेबलावरचा पेपरवेट फिरवत, त्याच्याकडेच बघत, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "राव सार, तुम्ही अप्पांच्या काळापासून इथं आहात. मला तुम्ही काकांसारखे. खूप केलंत आमच्यासाठी. पुढच्या महिन्यापासून घरी विश्रांती घ्या. चालेल ना?"

शेवटी त्यांनी मान वर केली आणि भुवया उंचावल्या.

"सरी सार, सरी," राव सार म्हणाले, आणि हसले.

मालकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. सेल्वी अक्कानं पदरानं डोळे पुसले. "केवढं मोठं मन," ती शेजारच्या सुपरवायझरला म्हणाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. टाळ्या राव सारांना दिसल्या, म्हणून त्यांनीही वाजवल्या. तपासणी चांगली झाली म्हणूनच त्या आहेत, असं त्यांना वाटत असणार. त्यांनी माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावली, चोक्कट झालं अशा अर्थाची.

मालक मिठाईचा बॉक्स उघडायला लागले. राव सारांना ऐकू आलं नाही असं मी खोलीत म्हटलं असतं, तर त्यांनी माझ्यापाशी मागितलेली एकच गोष्ट मी मोडली असती. आणि गप्प राहिले असते, तर पुढच्या महिन्यात ते डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून नेहमीच्या वेळी आले असते आणि गेटवरच्या माणसानं त्यांना सांगितलं असतं. तेही त्यांना ऐकू आलं नसतं. त्याला दोनदा सांगावं लागलं असतं.

मीटिंगमध्ये मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. उठताना खुर्चीचा आवाज झाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी मालकांना तमिळमध्ये एवढंच म्हटलं की एक मिनिट थांबा. मग राव सारांच्या अगदी समोर जाऊन बसले. ते अजून हसत होते. मी माझ्या घरातही कधी बोलले नसेन एवढ्या मोठ्यानं, एकेक शब्द वेगळा करत, मराठीत म्हणाले,

"मामा, पुढच्या महिन्यापासून कामावर येऊ नका, घरी राहा, असं विचारलंय त्यांनी. तुम्ही सरी म्हणालात. तुम्हाला काय म्हणायचंय, ते आता सांगा. मी इथंच बसलेय."