चार भोकांची सुरक्षित जागा

भिंत ही अशी वस्तू आहे, जी बाहेरून सगळ्यांनी पाहिलेली असते आणि आतून कोणीच पाहिलेली नसते. (माणूसही साधारण असाच असतो, पण त्याच्यावर कॅलेंडर टांगत नाहीत.) म्हणूनच घराच्या भिंतीला भोक पाडण्यापूर्वी नीट विचार करावा, असं सगळे जाणकार सांगतात. विचार किती दिवस करावा, हे मात्र कोणी सांगत नाही. ही उणीव आमच्या घराने भरून काढली. तो अनुभव वाया जाऊ नये, म्हणून ही नोंद.

कामाचं स्वरूप अगदी साधं होतं. आमची आत्या, वय एकाहत्तर, उंची एकशे एकोणपन्नास सेंटिमीटर, एके काळी शिवणवर्गाच्या बाई आणि आजही अर्ध्या इमारतीचे कपडे उसवून नीट करून देणारी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ लिहिली : ‘बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा. कमरेच्या उंचीवर. लगेच.’ ‘लगेच’च्या खाली दोन रेघा होत्या. पुन्हा पडलात तर काम वाढेल, असं त्यांनी तोंडीही बजावलं.

दांडी त्याच दिवशी आणली. स्टीलची, पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू. म्हणजे एकूण भोकं चार. बाबांनी माळ्यावरून ड्रिल मशीन काढलं, त्यावरची धूळ फुंकली, आणि बाही वर सरकवली. तेवढ्यात वरच्या मजल्यावर राहणारे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आत्याची, म्हणजे त्यांच्या ताईची, चौकशी करायला आले.

“दादा, थांब,” ते म्हणाले.

या दोन शब्दांनी आमच्या घरात सुरक्षेचं युग सुरू झालं.

काकांच्या ओळखीच्या एका गृहस्थाने असंच उत्साहाने भोक पाडलं होतं. आत पाण्याचा पाइप निघाला आणि खालच्या मजल्यावर पाणी गळलं. (ही पहिल्या दिवशीची हकीकत. चौथ्या दिवसापर्यंत पाणी तीन मजले उतरलं होतं आणि कोणाचा तरी सोफा जिन्यापर्यंत वाहत आला होता.) बाबांनी मशीन खाली ठेवलं. भिंतीत काय आहे हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ठरलं. आत्यापुरतं तोवर बादलीची कडी धरून भागवायचं होतं.

भिंतीत काय आहे, हे शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. घरात विज्ञानाची पदवी माझ्या एकटीकडेच होती, आणि ती आजवर कोणाच्या उपयोगी पडली नव्हती.

मी प्रथम ज्याने पाइप टाकले त्या प्लंबरला फोन लावला आणि तो बाबांच्या हातात दिला.

“आमच्या बाथरूमचा पाइप कुठून गेलाय हो?”

“भिंतीतून.”

“अहो, पण भिंतीतून कुठून?”

“सरळ.”

“सरळ म्हणजे उभा की आडवा?”

“जसा लागेल तसा, साहेब.”

मी भिंतीचा नकाशा काढायला घेतला. त्यात पाइप उभाही दाखवला, आडवाही दाखवला, आणि प्लंबरचा स्वर लक्षात घेऊन एक तिरकाही दाखवला. पाण्यासाठी निळा खडू, विजेसाठी लाल. त्यानंतर वायर ओळखणारं एक यंत्र मागवलं. ते भिंतीवर सहा ठिकाणी वाजलं आणि सातव्यांदा काकांच्या घड्याळापाशी वाजलं. सहा खुणा केल्या. काकांवर खूण करावी का, यावर एकमत झालं नाही.

मग घरच्यांच्या आठवणी घेतल्या. घर बांधलं जात असताना बाबा रोज बघायला यायचे, पण ते सिमेंटच्या गोण्या मोजायचे. काकांना वायर खिडकीकडून आल्याचं पक्कं आठवत होतं. आईला आठवलं ते असं : “इथे काहीतरी होतं गं. काय ते नाही सांगता येत. पण होतं.”

इथे प्रयोगशाळेतली शिस्त कामी आली. ज्या रेषेबद्दल खात्री कमी, तिच्या दोन्ही बाजूंना जास्त जागा मोकळी सोडायची, असा नियम मी केला. यंत्राच्या खुणेला पाच सेंटिमीटर, काकांच्या वायरला पंधरा, आणि आईच्या ‘काहीतरी’ला चाळीस. शास्त्रदृष्ट्या यात खोट काढता येत नाही. ज्याला सर्वांत कमी माहिती, त्याने सर्वांत जास्त जागा व्यापावी. (हे तत्त्व पुढे मला इतरही अनेक ठिकाणी लागू झालेलं दिसलं.)

एकेचाळिसाव्या दिवशी नकाशा पूर्ण झाला. भिंतीचं क्षेत्रफळ तीन पूर्णांक सहा चौरस मीटर. त्यापैकी धोक्याचा भाग साडेअठ्ठ्याण्णव टक्के. उरलेला सुरक्षित भाग म्हणजे बावन्न सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद अशी एक पट्टी, जमिनीपासून दोन मीटर आठ सेंटिमीटर उंचीवर. दांडी तिथे बरोबर बसत होती. निसर्गाने जणू ती जागा राखून ठेवली होती.

“कमरेच्या उंचीवर म्हणाले होते डॉक्टर,” आईने आठवण करून दिली.

“वहिनी, डॉक्टरांना भिंतीतलं काय कळतं?” काका म्हणाले.

शेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता प्रत्यक्ष कामाला हात घातला. माझी यादी मी दारावर लावली होती. डोळ्यांना गॉगल, नाकाला रुमाल, टाइलवर ड्रिलचं बिट घसरू नये म्हणून चिकटपट्टीची फुली, शिडी धरायला एक माणूस, शिडी धरणाऱ्याला हाक मारायला एक माणूस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घराचा मेन स्विच बंद. सगळं यादीबरहुकूम झालं. बाबांनी शिडीवर चढून मशीनचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मशीन उलटं करून झटकलं.

“बिघडलंय. पडून पडून बिघडलं.”

“मेन कोणी बंद केलाय?” आईने विचारलं.

ही नियमातली त्रुटी नव्हती. नियम भिंतीसाठी केले होते, ड्रिलसाठी नाही, एवढंच. शेजाऱ्यांकडून वायर ओढून घेतली आणि पुढच्या नऊ मिनिटांत चारही भोकं पडली. आतून फक्त लाल भुकटी आली. काकांनी बाबांना मिठी मारली. दांडी इतकी घट्ट बसली की बाबा तिला दोन्ही हातांनी लोंबकळले आणि उतरायला तयार होईनात.

आत्याला बोलावलं. ती काठी टेकत आली, दारात उभी राहिली आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

“अरे, ही मी धरायला आहे की मला वाळत घालायला?”

“ताई, तिथेच सेफ आहे,” बाबा म्हणाले.

“कोणाला?”

प्रश्न रास्त होता, म्हणून त्यावर उपाय काढला. तीस सेंटिमीटर उंचीचं स्टूल आणलं. आत्याने स्टूलवर उभं राहायचं, म्हणजे हात आपसूक दांडीला पोहोचेल.

“ओल्या फरशीवर, या गुडघ्याने, स्टूलवर चढू? आणि चढताना काय धरू? तुझं डोकं?”

हीही हरकत नोंदवून घेतली. स्टूलवर चढताना धरण्यासाठी दुसरी एक दांडी लागेल, आणि ती कमरेच्या उंचीवरच बसवावी लागेल, हे सगळ्यांना पटलं. त्यासाठी मात्र नकाशा पुन्हा तपासायला हवा होता. आत्या म्हणाली, “मी जन्मभर काजं केली. काज करायचं तर कधी ना कधी कापडाला कात्री लावावी लागते रे.” पण कापडाच्या आत पाइप नसतो, हे काकांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं.

तोपर्यंतची सोय म्हणून मी नकाशाची स्वच्छ प्रत काढली, प्लास्टिकमध्ये बसवली आणि दुसऱ्या दांडीच्या नियोजित जागी, म्हणजे बरोबर आत्याच्या कमरेच्या उंचीवर, डिंकाने चिकटवली. डिंकाला भोक लागत नाही. शिवाय आंघोळ करताना आपण कशाकशाला हात लावायचा नाही, हे तिच्या डोळ्यांसमोर राहिलं असतं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी सकाळी आत्याचा पाय घसरला. डॉक्टरांनी जिथे दांडी सांगितली होती, तिथे तिचा हात अचूक गेला. हाताला नकाशा लागला. कागदाला जेवढा वेळ धरवेल तेवढा वेळ त्याने तिला धरलं, आणि मग दोघं खाली आले.

आम्ही धावलो. आई आणि बाबांनी आत्याला उचललं. काकांनी भिंत पाहिली. एक ओरखडाही नव्हता.

मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो उजेडात धरून पाहिला, आणि त्याच दुपारी हाडाला धातूची पट्टी बसवली. त्यासाठी ड्रिलने सहा भोकं पाडावी लागली. वेळ, भूल सोडून, चाळीस मिनिटं. आम्हाला चार भोकांना शेहेचाळीस दिवस लागले होते, हे काकांनी स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं.

शुद्धीवर आल्यावर आत्या बाबांना म्हणाली, “बघ. त्यांनी आत काय आहे ते पाहिलं आणि भोकं पाडली. तुम्ही दीड महिना आत काय आहे ते आठवत बसलात.”

“ताई, हाड जुळून येतं,” काका म्हणाले. “भिंतीचं तसं नसतं.”

त्यानंतर आत्याला भेटायला सत्तावीस माणसं येऊन गेली. प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, आणि सवयीने मी त्यांचे प्रश्न टिपून ठेवले. वायर ओळखणारं यंत्र कुठे मिळतं, असं विचारणारे सहा. नकाशाची प्रत मागणारे दोन. उरलेल्या एकोणीस जणांनी एकच विचारलं : “मग कमरेच्या उंचीवर खरंच पाइप होता का?”

तुम्हालाही तेच विचारायचं असणार. उत्तर असं, की माहीत नाही. ते कळायला भोक पाडावं लागेल.

आत्याचा कात्रीचा हात मोडला की दुसरा, हे मी वर कुठेच लिहिलेलं नाही. त्यावाचून तुमचंही काही अडलेलं दिसत नाही.