स्तुतीवर स्वतःची सही चालत नाही

भाच्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर बिराजदारांनी ती लाल पेनाने तपासून मला परत दिली. ‘भोजनाची वेळ नमूद नाही. कार्यालयाचा पत्ता अपूर्ण. पूर्तता करून सादर करावे.’ खाली सही. मी दारातच गार पडलो. वर म्हणतात, "पूर्तता झाली की येतो. मुदत हाय अजून."

सात रस्त्याजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे तळमजल्यावर एकटेच राहतात. उभं आयुष्य एका कॉलेजच्या खिडकीमागे बसून प्रवेशअर्जांतल्या त्रुटी काढल्या. नोकरी सुटली, खिडकी सुटली नाही.

यंदा आमच्या लेकीला, पूर्वाला, डिझाइन कॉलेजला अर्ज करायचा होता. जागा मोजक्या, पोरीचे गुण बेताचे. सगळी मदार ‘स्वतःविषयी’ या निबंधावर. तो अर्थातच मी लिहिला. ‘लहानपणापासून मला कलेची ओढ आहे. मी मेहनती, जिद्दी आणि सर्जनशील आहे.’ पूर्वाला घेऊन बिराजदारांकडे गेलो. मोठ्याने वाचून दाखवताना माझेच डोळे भरून आले.

बिराजदारांचे कोरडे.

"लहानपणापासून म्हंजे कितवीपासून?"

"अहो, तसं म्हणायची पद्धत आहे."

"मेहनती हाय, असं कोण म्हणतंय?"

"तीच म्हणतेय."

"चालत न्हाय. मार्कलिस्टच्या झेरॉक्सवर स्वतःची सही चालंल. स्तुतीवर न्हाय."

आणि लाल पेन चालू झालं. पानभर मजकुरातून पोरीचं नाव आणि जन्मगाव तेवढं वाचलं. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग माझ्याकडे पाठ करून ते पूर्वाकडे वळले. "पोरी, कुणी सांगितलं न्हाय, तरीबी तू केलंस, असं काय हाय का?"

तिने माझा निबंध उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "आजीला आता रंग ओळखू येत नाहीत. मी तिच्या साड्यांच्या पदराला कोपऱ्यात वेगवेगळे टाके घालून ठेवते. निळीला गाठी, हिरवीला साखळी. ती हाताने चाचपून साडी निवडते."

आजी म्हणजे माझी सख्खी आई. एका घरात राहतो आम्ही, आणि मला पत्ता नाही. मी आपला समजत होतो, डोळ्यांच्या थेंबांनी गुण आला.

"आधार?" बिराजदार म्हणाले.

ती वर पळाली आणि दोन साड्या घेऊन आली. बिराजदारांनी डोळे मिटून एक कोपरा बोटांत धरला. "गाठी. निळी." दुसरा धरला. "हिरवी." डोळे उघडून खात्री करून घेतली. "हे लिव्ह. तुझ्या हातानं. फोटो जोड. आन् बापाला लांब ठेव."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला, त्यांच्याच टेबलावरून, अर्ज गेला. पोच आली. त्या आनंदात पूर्वा बोलून गेली, "काका, सुहासदादा कॅनडाला शिकायला गेला, तेव्हा त्याचाही अर्ज तुम्हीच तपासला असेल ना?"

सुहास हा त्यांचा एकुलता एक मुलगा. गेला तो तिकडचाच झाला.

बिराजदारांनी पेनाला टोपण लावलं. "त्यानं दाखवलाच न्हाय. तिकीट काढल्यावर सांगितलं. भ्याला आसंल."

या माणसाला अर्ज दाखवायला करमाळ्याहून पोरं एसटीने येतात.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि पूर्वासमोर सरकवला. मुलाला पाठवायचा निरोप होता. ओळींमागून ओळी त्यांनी स्वतःच लिहून खोडल्या होत्या.

"जरा बघ की," ते म्हणाले. "त्याच्या मनाला लागंल असं काय ऱ्हायलंय का."

न खोडलेली एकच ओळ होती. ‘तुझा तेव्हाचा अर्ज असला तर पाठव. तपासणार नाही, नुसता वाचीन.’