नाक्यावरचा चीन

नामदेवमामांच्या ढाब्यावर दोन घड्याळं होती. एक आपल्या वेळेचं, दुसरं चीनच्या. वाशिमकडून आलेला एखादा नवखा ड्रायव्हर नऊ वाजता जेवायला बसायचा आणि मान वर करून बघायचा तर साडेअकरा वाजलेले. घास टाकून तो ट्रककडे पळायचा. मामांना त्याचं काही वाटत नसे. "चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढं हाय," ते शांतपणे सांगत. "आन् हे मी न्हाई म्हणत, सूर्य म्हणून राहिला."

कनेरगाव नाक्यावर त्यांना सगळेच मामा म्हणत. त्यांची बायको गोदामामीसुद्धा चारचौघांत "मामाला इचारा" असं म्हणायची, आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कारण त्या घरात सगळं मामालाच विचारावं लागे.

चीनचं वेड त्यांना एका बॅटरीनं लावलं. हिंगोली वेगळा जिल्हा व्हायच्या थोडं आधी एका ड्रायव्हरनं त्यांना मुंबईहून चिनी बॅटरी आणून दिली. ती पावसात भिजली, म्हशीच्या पायाखाली आली, तरी लागायची. ज्या देशाची बॅटरी अशी, त्या देशाचं सरकार कसं असेल, या विचारानं मामांना झोप लागेना. मग त्यांनी रेडिओवर काटा फिरवत फिरवत चीनहून हिंदीत लागणाऱ्या बातम्या शोधून काढल्या. कुठे पूल झाला, कुठे धरण झालं, कुठे एका वर्षात आख्खं शहर उभं राहिलं. मामा ते ऐकत आणि समोरच्या डांबरी रस्त्यातल्या खड्ड्याकडे बघत.

माझे वडील आयुष्यभर लोकशाही हक्कांच्या चळवळीची पत्रकं वाटत फिरले. मी मुळाक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. साहजिकच मामांचं आणि माझं पटणं शक्य नव्हतं, आणि साहजिकच मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडेच जाऊन बसायचो. ते मला 'पत्रक्या' म्हणत.

"पत्रक्या, आधी पोट, मग वोट," हा त्यांचा सिद्धान्त. "पोट भरलं की माणूस आपोआप हक्क मागतो. दहा-पंधरा वर्सं थांब. चीन श्रीमंत होऊ दे, मंग बघ कशी लोकशाही येती."

"पण पोट भरलं हे ठरवणार कोण? भरवणाराच ना?"

"मंग काय जेवणारा ठरवतो? इथं ताटं मोजतो मी."

"आणि मामा, तोंड बंद ठेवून पोट भरतं कुठं?"

यावर मामा आतल्या गफूरभाईला हाक मारत. गफूरभाई ढाब्यावर तंदूर सांभाळायचे. "गफूरभाई, ह्या पोराला गरम रोटी द्या. त्याचं तोंड रिकामं हाय."

एकदा मी चिडून विचारलं, "चीनच्या राजधानीतल्या चौकात जमलेल्या पोरांवर त्यांनी रणगाडे घातले, ते तुमच्या रेडिओनं सांगितलं का?"

मामांनी रेडिओकडे बघितलं. "त्ये न्हाई सांगत," ते म्हणाले, आणि बराच वेळ फडक्यानं टेबल पुसत राहिले.

ढाब्यामागेच त्यांचं घर होतं, आणि त्या घरात चीनच होता. मामांची पंचवार्षिक योजना असे. पत्रे जाऊन स्लॅब पडला, बोअर लागला, म्हशी झाल्या, कूलर आला, फोन आला. ठरलं ते झालं, यात शंकाच नाही. पण आज भाजी कोणती, मामी माहेरी किती दिवस राहणार, थोरल्या विठ्ठलनं गल्ल्यावर बसायचं की म्हशींमागे जायचं, हे सगळं मामा ठरवत. घरात कुणाला कारलं आवडतं हे कुणालाच माहीत नव्हतं. कारल्याच्या दिवशी सगळे कारलं खात.

मी डिवचायचो, "मामा, तुमच्या घरात निवडणूक कधी?"

"स्लॅब पडू दे."

स्लॅब पडला. "आता?"

"बोअरला पाणी लागू दे. तहानलेल्या माणसाचं मत बराबर पडत न्हाई."

पाणी लागलं, फोन लागला, सुधारणा काही लागेना. शेवटी मी एक पत्रक छापलं: 'नाक्यावरच्या एकाधिकारशाहीला जाहीर सवाल'. मामांनी ते चष्मा लावून नीट वाचलं आणि उरलेला गठ्ठा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी भजी त्यातच बांधून मिळू लागली. "कागद झकास हाय," मला म्हणाले. "तेल पीत न्हाई."

त्याच वर्षी त्यांची धाकटी रेखा बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नांदेडला जाऊन नर्सिंग शिकायचं होतं. हे तिनं मला सांगितलं, गफूरभाईंना सांगितलं, म्हशीलाही सांगितलं असेल. वडिलांना नाही. आणि मामांनी जवळा बाजार गावच्या एका आडत्याचा मुलगा बघून ठेवला. दिवाळीनंतर लग्न. घरात कुणी हूं की चूं केलं नाही.

"बोल की तू," मी रेखाला म्हणालो.

"तुमीच बोला. तुमच्या बोलण्याचा भज्यांना कागद तरी व्हतो."

मग मामांना टायफॉइड झाला. उठले तेव्हा जिभेची चव पार गेली होती. दाल मात्र ते कुणाला करू देत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी पातेलं चढवलं, फोडणी दिली आणि चव कळत नाही म्हणून वाडगाभर दाल घरात पाठवली. घरातून निरोप आला, 'मस्त झाली.' मामा खूश.

पहिलं ताट एका पंजाबी ड्रायव्हरपुढं गेलं. त्यानं एक घास घेतला, पाण्याचा आख्खा जग तोंडाला लावला आणि म्हणाला, "सेठ, समंदर का ठेका लिया है क्या?"

मामांनी दोनदा मीठ घातलं होतं. ते तसेच घरात गेले. मी मागोमाग. आत मामी, विठ्ठल, सून आणि रेखा तीच दाल भाकरीबरोबर मुकाट खात बसले होते.

"खारट हाय ना?" मामांनी विचारलं.

सगळ्यांनी पुढचा घास दालीत बुडवला. शेवटी मामी म्हणाली, "न्हाई. बराबर हाय."

मामा बाहेर येऊन खाटेवर बसले. चार दिवस त्यांनी रेडिओ लावला नाही. पाचव्या दिवशी मला बोलावून घेतलं. "पत्रक्या, मतदान घ्यायचंय. रेखाचं लगीन दिवाळीला करायचं का न्हाई. गुप्त. तू अधिकारी."

लोकशाही कुणी दान देत नसतं, ती हिसकून घ्यावी लागते, असं आमची सगळी पत्रकं सांगत. हिसकायला कुणीच पुढं आलं नाही तर काय करायचं, हे एकाही पत्रकात नव्हतं. मी तयारीला लागलो. प्रत्येकाला एक हरभरा आणि एक तुरीचा दाणा. लग्न करायचं तर हरभरा, नको तर तूर. देवघराच्या पडद्याआड तांब्या ठेवलेला. एक दाणा तांब्यात टाकायचा आणि दुसरा चावून खायचा, म्हणजे मागे पुरावा नको. ही अट मामांची. एकेक जण पडद्यामागून कडाकडा दाणे चावत बाहेर आलं. शेवटी मामा गेले.

मी तांब्या ताटात उपडा केला. चार हरभरे, एक तूर.

सगळ्यांच्या नजरा रेखावर गेल्या. तिला रडूच फुटलं. "देवाशपथ मी हरभराच टाकला, बाबा."

"मी पण," विठ्ठल घाईघाईनं म्हणाला. सुनेनं नुसती मान हलवली.

"म्या बी," मामी म्हणाली. "तुमाला पायजे व्हतं तेच टाकलं."

मग उरलं कोण, याचा हिशेब करायला कुणाला वेळ लागला नाही, पण वर बघायला लागला.

"काहून गं पोरी?" मामांनी विचारलं. "तुला लगीन करायचंय?"

"तुमाला करायचंय म्हणून."

"मला तर तुझी माय म्हणाली, पोरीचं वय झालं."

"तुमच्या मनात हाय असं वाटलं म्हणून म्हणले मी," मामी म्हणाली.

म्हणजे ते लग्न त्या घरात एकालाही हवं नव्हतं. तरी बस्ता बांधायचं ठरत आलं होतं. दाणे अजून ताटात होते. मामा उठले. "पुन्हा घ्या मतदान," ते म्हणाले. "आन् मी न्हाई इथं. पुलावर जाऊन बसतो. आधी बोला, मंग टाका. तू पण चल, पत्रक्या. तू लई बोलतोस."

रस्त्यापलीकडे छोटा पूल आहे, तिथून ढाब्याच्या कडेनं घराचं दार दिसतं; त्याच्या कठड्यावर आम्ही बसलो. उन्हं कलली होती. ट्रक येत जात होते. मामा काहीच बोलेनात, तेव्हा मीही गप्प राहिलो. माझ्या आयुष्यात तसं फार वेळा झालेलं नाही.

घरातून पहिल्यांदा काहीच ऐकू येईना. मग कुजबुज आली. मग विठ्ठलचा आवाज चढला. आणि मग एकदम मामी सुरू झाली. पंचवीस वर्षांचं साठलेलं होतं. माहेरी आईच्या आजारपणात दोनच दिवस राहू दिलं. स्लॅबपायी पाटल्या गेल्या, विचारलं कुणी? कारलं तर जन्मात आवडलं नाही. दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत एकेक वाक्य स्पष्ट पुलावर येत होतं. मला अवघडल्यासारखं झालं. मी उठायला लागलो.

मामांनी माझा हात धरून खाली बसवलं. "बस. बोलू दे."

त्यांची नजर घराच्या दाराकडे होती. मामीचं संपलं, विठ्ठलचं झालं, सूनही काहीतरी बोलून गेली. मग एक नवाच आवाज आला, मोकळा, खणखणीत: "मला नांदेडला जायचंय. आन् मी जाणार."

समोरून ट्रक आला, हॉर्न वाजवत गेला. मामांनी धूळ खाली बसू दिली.

"रेखा व्हय ही?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय, मामा."

"आवाज चांगला हाय पोरीचा," ते म्हणाले, आणि पुढचं ऐकायला कठड्यावरून थोडे पुढं सरकून बसले.