झेंडूच्या अर्काची उलटतपासणी

अण्णा हुक्केरीकर औषधाची बाटली आणली की आधी भिंगातून लेबल वाचतात, मग कंपनीला फोन लावून विचारतात, हे लिहिलं कुणी? नाव कळेपर्यंत बाटली उघडायची नाही, असा नियम.

बंगळुरात येलहंक्याला आमच्या खालच्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी सुमतीअक्का राहतात. मूळचे बेळगावचे. सरकारी कारखान्यात तीस वर्षं सुटे भाग तपासले. पास करण्यापेक्षा नापास करण्यातच आयुष्य गेलं. दूधवाला, लिफ्ट, हवामान खातं, कुणावरच भरवसा नाही. "स्वल्प थांब, यात कायतरी आहे," हे पालुपद.

मी वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या कंपनीत आहे हे कळलं आणि संशय माझ्याकडे वळला. आम्ही झेंडूच्या पाकळ्यांपासून डोळ्याच्या पडद्यासाठी कॅप्सूल बनवतो. अण्णा मला रोज जिन्यात गाठायचे. पाकळ्या कशात भिजवता? पडदा वाचला हे कुणाच्या डोळ्यात बघितलं? मी खरं ते सांगितलं, की काहींचा आजार त्यानं जरा हळू वाढतो, पण गेलेली नजर परत येत नाही. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

मग एकदा त्यांच्या खिडकीत आमच्याच कॅप्सूलची बाटली दिसली, अर्धी संपलेली. आता मला संशय आला. म्हातारा आमच्याविरुद्ध तक्रार करणार. रविवारी सरळ त्यांच्या घरी जाऊन विचारलं.

"महिनाभर मी घेऊन बघतोय," अण्णा म्हणाले. "मला काय झालं नाही, तर मग हिला द्यायची."

सुमतीअक्कांचा पडदा झिजत चालला होता. डॉक्टरांचे उपचार चालू होते, कॅप्सूलही त्यांनीच सांगितली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी अक्कांच्या समोरच्या खुर्चीत बसायला गेले. अण्णा मात्र त्यांच्या डावीकडे, अगदी कडेला, स्टुलावर बसले होते.

"तिथं नको बसू," ते हळूच म्हणाले. "तिला मधलं दिसत नाही. समोर बसलेलं माणूस पुसलं जातंय. इथून गालापर्यंत तरी दिसतोय मी."

अक्कांनी मान जरा तिरकी केली. "आज दाढी केली नाही वाटतं," त्या म्हणाल्या.

दाढी खरंच दोन दिवसांची होती. अण्णा उठले. आत जाऊन दाढी करून आले आणि पुन्हा स्टुलावर बसले.