दोरा न तोडता बांधायचा पूल

वस्तू जितकी कमी वापरावी तितकी ती जास्त टिकते, आणि अजिबात न वापरल्यास ती जवळजवळ अमर होते, या सत्यावर आपला मध्यमवर्ग उभा आहे. पाहुण्यांच्या कपबश्या, लग्नातला शालू, घरातल्या सुनेचं मत अशा कितीतरी गोष्टी या तत्त्वामुळे वर्षानुवर्षं सुस्थितीत राहिल्या आहेत. हे तत्त्व कारखानदारीला लावून दाखवण्याचा मान मात्र नागपूरच्या 'ठवकर ब्रदर्स' या खेळण्यांच्या कंपनीकडे जातो.

ठवकर ब्रदर्समध्ये ब्रदर कोणीच नव्हता. संस्थापक रुपराव ठवकर हे आईबापांना एकुलते एक. पण पाटी रंगवणाऱ्याचं म्हणणं पडलं की नुसतं 'ठवकर' लिहिलं तर पाटी रिकामी दिसते, शिवाय लोकांचा भावाभावांवर विश्वास असतो (त्याला स्वतःला भाऊ नसावा). रुपराव इतवारीत पत्र्याच्या ट्रंका बनवत. ट्रंकेचा पत्रा कापला की कडेच्या पट्ट्या उरत, त्या भंगारात जात.

साठ सालच्या उन्हाळ्यात त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मनोहर यानं या पट्ट्यांना खिळ्यानं भोकं पाडली, कुठूनसे बोल्ट पैदा केले आणि दुकानासमोरच्या नालीवर हातभर लांबीचा पूल टाकला. रुपरावांनी पूल पाहिला, मनोहरच्या थोबाडीत दिली, पूल मोडून पट्ट्या परत जागेवर ठेवल्या आणि मग विचारात पडले. कंपनीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत हा प्रसंग 'प्रेरणेचा क्षण' या मथळ्याखाली दिलेला आहे. थोबाडीचा उल्लेख जागेअभावी गाळला आहे.

अशा रीतीनं 'ठवकर सेतू संच' बाजारात आला. डब्यात लाल-हिरव्या पट्ट्या, काटकोनी तुकडे, चार चाकं, नट, बोल्ट आणि एक छोटा पाना. झाकणावरचं चित्र सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या माणसाकडून काढून घेतलं होतं. त्यात खरी मालगाडी जाईल असा पूल होता, टाय लावलेला मुलगा पाना पिळत होता आणि दोन वेण्यांची मुलगी टाळ्या वाजवत होती (तिच्या हातात पाना द्यावा असं कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर माल खपला नसता).

ट्रकमध्ये खडखडाट होऊ नये म्हणून प्रत्येक तुकडा पिवळ्या दोऱ्यानं पुठ्ठ्याला बांधलेला असे. या दोऱ्यानं कंपनीचं भाग्य उघडलं. दोरा तोडला की डबा वापरलेला, आणि वापरलेला डबा कोणाला देता येत नाही, हे गिऱ्हाइकांनी आपणहून ठरवून टाकलं. त्यामुळे संच वाढदिवसाला येई, तिथून वास्तुशांतीला जाई, वास्तुशांतीतून हेडमास्तरांच्या निरोप समारंभाला. एक संच नागपूरहून निघून अमरावती, अकोला असं करत एकाहत्तर साली खुद्द ठवकरांच्याच घरी, रुपरावांच्या मुलीच्या, लतिकाच्या वाढदिवसाला परत आला. रुपरावांनी आपला माल ओळखला, वरची देणाऱ्यांची नावं खरवडली आणि तो पुन्हा दुकानात मांडला.

विक्री सांभाळायला रुपरावांचे मेहुणे महादेवराव होते. त्यांनी बसल्या जागी एक पाहणी केली. तिच्यानुसार दर शंभर संचांपैकी एकसष्ट बैठकीतल्या शोकेसमध्ये होते, बावीस कपाटाच्या वर होते आणि चौदा कोणाला तरी देण्याच्या वाटेवर होते. उरलेल्या तीन घरी दोरा तोडलेला आढळला. त्या तिन्ही घरची मुलं ढ निघाल्याचं घरच्यांनीच सांगितलं.

चौसष्ट साली कारखाना इतवारीतून वाडीला, अमरावती रोडवरच्या एका गोदामात गेला. भोकं पाडायची मशीन ट्रकमधून नेताना एका खड्ड्यात आदळली. तेव्हापासून सरळ पट्टीची भोकं आणि काटकोनाची भोकं यांच्यात अर्ध्या सुताचा, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरचा, फरक पडू लागला. बोल्ट पट्टीतून सुरळीत जाई आणि काटकोनाच्या कडेला अडे. थोडक्यात, डब्यातल्या सामानातून पूल होणं शक्य राहिलं नाही. हे कोणालाच कळलं नाही. कामगारांचं काम भोकं पाडण्याचं होतं, बायांचं दोरा बांधण्याचं, दुकानाचं विकण्याचं आणि गिऱ्हाइकाचं दर शुक्रवारी धूळ पुसण्याचं. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं. पुढे महादेवरावांनी झाकणावर छापून घेतलं, 'आजवर एकही तक्रार नाही.' हे अक्षरशः खरं होतं. किती कंपन्यांना असं म्हणता येईल?

मनोहर मोठा झाला, बी.कॉम. झाला, नावापुढे राव लागला आणि वाडीच्या कारखान्यात वाळ्याच्या कूलरसमोर त्याला खुर्ची मिळाली. मालकाचा मुलगा असून मनोहररावांनी एकदाही डबा उघडला नव्हता. त्या प्रकारच्या खेळाचा अनुभव त्यांना लहानपणीच पुरेसा आला होता. पण टेबलावर डबा आला की त्यांची नजर झाकणावरच्या पुलावर जाई आणि तिथंच राही. हा पूल एकदा तरी खरोखर उभा राहिलेला पाहायचा, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात होती. बायकोजवळसुद्धा, म्हणजे गोपिकाजवळसुद्धा, ते हे बोलले नव्हते. बत्तीस वर्षांच्या कारखानदारानं खेळावंसं वाटतं म्हणणं बरं दिसत नाही.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात लतिका इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. एका दुपारी ती शोकेसमधला संच घेऊन जमिनीवर बसली आणि कात्रीनं दोरा कापला. आई, अंजनाबाई, कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या.

"काहून तोडला वं दोरा? आता कोणाले देता येईन तो?"

"कोणाले नाही देत, आई. पूल बनवून राहिली मी."

चहाच्या वेळेपर्यंत तिनं जाहीर केलं की यात पूल होतच नाही, भोकं जुळत नाहीत. महादेवमामांनी तिला समजावलं की मुलींच्या हातून बोल्ट उलटा धरला जातो. मनोहररावांनी बोल्ट सुलटा केला, मग पुन्हा उलटा केला. मग त्यांनी आणखी चार डबे उघडले, वाडीला जाऊन मागच्या वर्षांचा पडून असलेला माल तपासला आणि घरी येऊन मुकाट्यानं जेवले. अठरा वर्षांच्या मालात एकही पूल नव्हता.

संचालक मंडळाची बैठक झोपाळ्यावर झाली. अध्यक्ष रुपराव झोपाळ्यावर, बाकीचे खाली. अंजनाबाईही संचालक होत्या (अडुसष्टपासून, त्यांना ते पंचाहत्तरला सांगण्यात आलं). लतिकाचं म्हणणं सोपं होतं, भोकाची जागा ठरवणारा मशीनचा गेज अर्धा सूत सरकवला की झालं, खर्च काही नाही. महादेवरावांनी शांतपणे दाखवून दिलं की नवा माल जुळला तर जुना जुळत नव्हता असा त्याचा अर्थ होतो. शिवाय माल जुळला तर पोरं खेळतील, खेळली तर दोरा तुटेल, आणि दोरा तुटला तर वाढदिवसाला द्यायचं काय? रुपरावांनी झोपाळा थांबवला.

"अठरा वर्षं लोकं घेऊन राहिले. ते का येडे आहेत? बिमार कोणीच नाही, अन् तू दवा कोणाले देतं वं?"

विषय पुढे ढकलण्यात आला. तीनच दिवसांनी रुपराव लग्नासाठी वर्ध्याला गेले आणि मनोहररावांनी बापाला न विचारता आयुष्यातलं पहिलं काम केलं. लतिकाला स्कूटरवर मागे बसवून ते वाडीला गेले. गेज सरकवायला दहा मिनिटं लागली, पाना शोधायला अर्धा तास. नव्या पट्ट्या घरी आणून दोघं व्हरांड्यात बसली. संध्याकाळी पूल उभा राहिला, झाकणावरच्या चित्रासारखाच, फक्त मालगाडी नव्हती. मनोहरराव फरशीवर पालथे पडले आणि त्यांनी पुलाखालून पाहिलं. पलीकडे लतिकाची पावलं दिसत होती. त्यांना इतका आनंद झाला की रडू आलं, आणि डोळ्यांत कचरा गेला असं काही ते म्हणाले नाहीत.

डबा उघडून पाहायची सवय रुपरावांनाही नव्हती, त्यामुळे त्या दिवाळीला जुळणारा माल बाजारात गेला. लतिकाच्या हट्टानं दोराही काढून टाकला होता. ट्रकमध्ये खडखडाट झाला, पण पुढे जे झालं त्यापुढे तो काहीच नव्हता.

मुलं खेळू लागली.

कंपनीच्या सीताबर्डीच्या दुकानात वीस वर्षं शालिकराम बसत. पहिला तक्रार करणारा आला तेव्हा त्यांना वाटलं हा दुकान चुकला. मग रांग लागली. कोणाची फरशी ओरखडली होती, कोणाचे तीन नट सोफ्याखाली जाऊन सोफाच उचलावा लागला होता. एका मुलानं दिवाळीचा अभ्यास टाकून क्रेन केली. एका बँक अधिकाऱ्याच्या मुलीनं संचातल्या पान्यानं घरचा कूलर उघडला, दुरुस्त केला आणि वडिलांनी त्या दुरुस्तीसाठी बोलावलेल्या माणसाला परत पाठवलं (तक्रार कूलरबद्दल नव्हती, मुलीबद्दल होती). जरीपटक्याच्या एका बाईंनी डबा परत करताना कारण सांगितलं की पहिल्यासारखा शोभिवंत राहिला नाही, त्यात मधे मधे पूल होतो.

मनोहरराव स्वतः दुकानात येऊन हे ऐकून घेत. त्यांना मनातून बरंच वाटत होतं. मधुकरराव नावाचे शाळामास्तर आले त्या दिवसापर्यंत वाटत होतं. मास्तरांच्या मागे त्यांचा थोरला मुलगा डबा धरून उभा होता. पंचविशीचा, खिशाला पेट्रोल पंपाच्या नोकरीचा बिल्ला. मास्तर ओरडले नाहीत. खुर्ची दिली तर बसलेही नाहीत.

"सदुसष्ट साली याच्यासाठी तुमचा डबा नेला होता. याले जमला नाही. मी म्हटलं, साधा पूल नाही जमत, तू का इंजिनेर होशीन. मारलं बी. मंग विज्ञानाले टाकलंच नाही गा याले. आता धाकट्यानं परवा अर्ध्या तासात केला. हे नवीन बंद करा. जुनाच डबा काढा तुम्ही."

मनोहररावांनी त्या मुलाकडे पाहिलं. तो डब्याच्या झाकणाकडे पाहत होता, आणि कसं पाहत होता हे मनोहररावांइतकं दुसऱ्या कोणाला कळणं शक्य नव्हतं. क्षमा मागावी असं त्यांना फार वाटलं. त्यांनी शालिकरामना चहा सांगायला सांगितलं.

त्या आठवड्यात असे बरेच बाप येऊन गेले. रुपरावांनी परिस्थितीचा आढावा घेतला. कंपनीची समाजाशी बांधिलकी होती. अर्ध्या सुतासाठी विदर्भातल्या हजारो बापांना चुकीचं ठरवणं तिला शोभणारं नव्हतं. पोरगं ढ आहे असं एकदा ठरलं की घर त्याप्रमाणे मांडलं जातं, कोणाचं कॉमर्स होतं, कोणाचं दुकान, कोणाचं लग्न. आता इतक्या वर्षांनी भोकं जुळवून ती घरं मोडायची? गेज पूर्ववत करण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. मनोहररावांचं मत त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि ते बरोबर निघालं.

लतिका वाडीला पोचली तेव्हा मनोहररावांच्या हातात पाना होता.

"त्या पोराचं तोंड पाह्यलं ना तू, दादा? तरी फिरवून राहिला?"

"बाबा म्हणतात."

ती आणखी काही बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती कूलरसमोर जाऊन उभी राहिली आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर निघून गेली. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावर तिनं पुण्याला नोकरी धरली. राखी दरवर्षी टपालानं येते, वेळेवर येते. पाकिटात सोबत चिठ्ठी नसते. मनोहरराव दरवर्षी पाकीट उलटं करून झटकून पाहतात, आणि त्यांना दरवर्षी तितकंच वाईट वाटतं.

बाकी सर्व क्षेम आहे. पिवळा दोरा परत आला, दुहेरी. झाकणावर 'जुनाच विश्वास' असं छापलं गेलं. व्हरांड्यातला पूल अंजनाबाईंनी शोकेसमध्ये ठेवून कुलूप लावलं, आणि पंचाऐंशी सालच्या रौप्यमहोत्सवात पाहुण्यांना तो बाहेरून दाखवण्यात आला. पुन्हा तक्रार आली नाही.

वाचकांना या लोकांचं हसू आलं असेल, तर यावं. पण तुमच्याही घरी एकदा काहीतरी जुळलं नव्हतं. पूल असेल, अपूर्णांक असतील, इंग्रजी असेल. भोकं तपासायला तुम्हीही वाडीपर्यंत गेला नाहीत. वाडी लांब पडते. मुलगा समोरच बसला होता.