ह्यांच्या डोक्यातला बदाम

सव्वीस वर्षांच्या संसारात मी इतके नवस बोलले आहे, की देवाला आमच्या बेटावरच्या नुकुअलोफा गावातल्या घराचा पत्ता पाठ झाला असेल. त्याने आजवर एकदाही हाकलून दिलं नाही, म्हणून याही वेळी धीर केला.

यावेळचा नवस ह्यांच्या अंगठ्यासाठी होता. ह्यांच्या रक्तात साखर फार, आणि उजव्या पायाचा अंगठा काळा पडू लागलेला. माझी भाची केसाया दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, "आत्या, सहा आठवड्यांत काकांचं वजन सहा किलो उतरलं नाही, तर डॉक्टर अंगठा काढणार."

"उतरेल की! कमी खातील."

"तेवढं सोपं नाही गं. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, हायपोथॅलॅमस. अंगात चरबी किती साठली याचा निरोप त्याला पोचतो. त्यावरून तो भूक वाढवतो, नाहीतर आवरतो. वजन जरा उतरलं की त्याला वाटतं, वादळात सगळी शेती गेली, आता दुष्काळ. मग ओरडत सुटतो, खा, खा!"

मी हबकलेच. सव्वीस वर्षं मी ह्यांच्या जिभेला बोल लावत होते, आणि चोर डोक्यात बसलेला!

रविवारी मी नवस बोलले, "देवा, सहा किलो उतरेपर्यंत ह्यांच्या नजरेस चमचमीत घास पडू देणार नाही." शिवाय रोज सकाळी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. "प्रभू, ह्या बदामाला शांत कर. वादळ आलेलं नाही, हे त्याला कळू दे."

"अगं, बदामाशी बोलून झालं असेल तर मला काहीतरी वाढ."

"उकडलेली केळी आहेत."

"कालचीच?"

"आजची. दिसायला कालच्यासारखी आहेत."

एवढ्यावर थांबले असते तर! पण बुधवारी बायकांच्या प्रार्थनासभेत उभी राहिले आणि ह्यांच्या भुकेसाठी प्रार्थना मागताना रडले. मी रडले म्हणून सगळ्या रडल्या. आणि ज्या घरी संकट, त्या घरी रिकाम्या हाताने कोण जाईल?

गुरुवारी फाटकाशी चार टोपल्या! भाजलेलं डुकराचं पिल्लू, नारळाच्या दुधात मांस घालून बांधलेले अळूच्या पानांचे पुडे, पाकातले पिठाचे गोळे. पाद्रीबाई तोआकासे माझे डोळे पुसत म्हणाल्या, "रडून शक्ती जाते, बाई. खा."

परत पाठवावं तर अपमान, टाकावं तर पाप, ह्यांनी पाहिलं तर नवस मोडतो. (तुम्हीच सांगा, चौथा मार्ग कुठला?) मी मागच्या स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं आणि खाल्लं. प्रत्येक घासाला म्हणत होते, हा अंगठ्यासाठी. पहिला आठवडा जड गेला. पुढे टोपल्या रोजच येऊ लागल्या, आणि उशीर झाला तर मीच फाटकाशी जाऊन उभी राहू लागले.

सहावा शनिवार आला. दवाखान्यातला काटा ह्यांच्यापुढे हात टेकतो, म्हणून बंदरावर, कोनफळांच्या गोण्या तोलायच्या काट्यावर ह्यांना उभं केलं. पहिल्या दिवशीही तिथेच तोललं होतं. ह्यांना सोबत म्हणून मलाही.

"सात किलो उतरले!" केसाया ओरडली. "अंगठा वाचला, काका!"

मी धावत जाऊन ह्यांना मिठी मारली. काट्यावरच! सुई सुर्रकन फिरली आणि टोकाच्या जरा अलीकडे जाऊन थरथरत राहिली. हमालांनी पाठीवरच्या गोण्या खाली ठेवल्या. केसाया आकाशाकडे बघू लागली.

"किती गं?"

"आत्या, काटा जुना आहे."

"केसाया, किती?"

"मी कशी सांगू? आपल्यात आत्याचा मान मोठा असतो."

"आता आत्याही मोठी झाली," हे म्हणाले. त्यांची वजाबाकी झाली होती. "अगं, नऊ किलो वाढलीस!"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. (काटाच होता तो, थोडा हललाही.)

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये हे उभे राहिले. मला वाटलं, देवाचे आभार मानतील. मानले. मग दोन्ही अंगठ्यांवर भक्कम उभे राहून, भरल्या आवाजात म्हणाले, "आता माझ्या बायकोच्या डोक्यातल्या बदामासाठी प्रार्थना करा." अख्खी मंडळी हुंदके देऊन रडली.

सोमवारी सकाळी फाटकाशी नऊ टोपल्या. खोटं कशाला बोलू, मी खिडकीत पोचायच्या आधीच माझ्या बदामाने त्या मोजल्या होत्या.