चौरंगावरचं भूत

"माझा भुताचा बंगला बघून पोरं घाबरली नाहीत, तर नावाचा अवधूत नाही," असं अवधूतने ऑफिसात, लिफ्टमध्ये आणि खालच्या वॉचमनलासुद्धा सांगून ठेवलं होतं. नाशिकचा गडी, गॅस कंपनीत इंजिनिअर. कतारमधल्या लुसैलच्या फ्लॅटमध्ये हॅलोवीनपुरती भुतांची सोय करणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

त्याच्या लेकीची, गार्गीची, मात्र झोप उडाली होती. वर्गातली अनीसा कशालाच घाबरत नसे, आणि गार्गीने तिच्याशी सगळ्यांसमोर पैज मारली होती.

"बाबा, शी हॅज टू स्क्रीम. नाहीतर मी शाळेत जाणारच नाही."

"यल्ला, चल, लागू कामाला," अवधूत म्हणाला.

अडचण एवढीच होती, की दरवर्षी गणपतीचं मखर करून हातांना एकच वळण लागलेलं. थर्मोकोलची थडगी कापायला घेतली, त्यांना महिरप आली. काळ्या पडद्याला आपोआप झालर लागली. धुकं हवं म्हणून त्याने धूप लावला. कपाटाच्या तळाशी कधी न वापरलेली एक पांढरी चादर मिळाली. तिला डोळ्यांपुरती भोकं पाडून, ती पांघरून तो मधोमध चौरंगावर जाऊन बसला. बायको सरोज अजून ड्यूटीवरून यायची होती.

संध्याकाळी गार्गीच्या वर्गातली मुलं आली. निळसर धुरात दिव्यांच्या माळा तरंगत होत्या, चंदन दरवळत होतं. आपल्या लेकाला सोडायला आलेल्या शेजारच्या डॉलीआंटी दरवर्षी गणपतीला यायच्या. सवयीने त्यांनी दारातच चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. मुलं हळूच मांडी घालून बसली. अवधूतने घोगरा "हूऽऽ" लावला, तो आलापासारखा निघाला. कुणाकुणाला पेंग येऊ लागली.

"स्मेल्स लाइक माय ग्रँडमाज मजलिस," आजीची बैठकीची खोली आठवून अनीसा पुटपुटली आणि गार्गीच्या खांद्यावर डोकं टेकून तिने डोळे मिटले.

गार्गीचे डोळे भरून आले. ते पाहून चादरीखालचा अवधूत स्वतःसाठी दुसरं नाव शोधू लागला.

तेवढ्यात सरोज आली. धुरातून तिला चौरंग दिसला, मग चादरीच्या काठावरची निळी फुलं दिसली. तिच्या आईने रुखवतासाठी भरलेली फुलं.

सरोज अशी किंचाळली, की अनीसा ताडकन उठून तिच्याहून मोठ्याने किंचाळली, आणि अख्खा वर्ग अनवाणी लिफ्टकडे पळाला.

"बाबा, बेस्ट हाँटेड हाउस एव्हर," गार्गी नाचत म्हणाली.

अवधूतने चादर काही काढली नाही. सरोज अजून चौरंगासमोरच उभी होती.